दुष्काळी पट्ट्यातील तलावाची मासेमारी कशी सांभाळावी

सातारा जिल्ह्यातील माण आणि खटाव, तसेच सांगली जिल्ह्यातील आटपाडी, खानापूर, तासगाव, कवठेमहांकाळ आणि जत या तालुक्यांत पाझर तलाव, साठवण तलाव आणि मध्यम प्रकल्पांचे जलाशय मोठ्या संख्येने आहेत. त्यांपैकी बहुतेकांची बांधणी शेतीच्या किंवा पिण्याच्या पाण्यासाठी झाली; मासेमारी नंतर आली आणि आजही ती दुय्यमच मानली जाते. तरीही भोई, कोळी आणि इतर अनेक कुटुंबांचा वर्षातील काही महिन्यांचा संसार या पाण्यावर चालतो. हे मार्गदर्शन अशा तलावांचा ठेका घेणाऱ्या मच्छीमार सहकारी संस्थांचे संचालक, ग्रामपंचायतीचे सदस्य आणि मासळीविक्री करणारे महिला बचत गट यांच्यासाठी आहे. कोयनेचा शिवसागर आणि चांदोलीचा वसंतसागर हे पश्चिमेकडील खोल, बारमाही जलाशय येथे विचारात घेतलेले नाहीत, कारण त्यांचा परिसर २०१० मध्ये घोषित झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाशी निगडित असल्याने तेथे वन विभागाच्या अटी आधी पाहाव्या लागतात आणि तेथील मत्स्यव्यवसायाचे गणितच निराळे आहे.

पाण्याचे वर्ष आधी मांडावे

मत्स्यशेतीच्या बहुतेक पुस्तिका जूनमध्ये पाऊस, जुलैमध्ये भरलेले तळे आणि ऑगस्टमध्ये बीज (माशांची लहान पिल्ले) सोडणे असा क्रम गृहीत धरतात. पूर्वेकडील तालुक्यांत तो लागू पडत नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या भागात वर्षाचा पाऊस सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो आणि त्यातला मोठा वाटा उत्तरा-हस्ताच्या सरींत, म्हणजे सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये पडतो. अनेक तलाव गणपती होईपर्यंत कोरडे किंवा अर्धवट असतात आणि परतीच्या पावसाने दोन-तीन दिवसांत भरतात. दुसरीकडे टेंभू, म्हैसाळ, ताकारी आणि जिहे-कठापूर या उपसा सिंचन योजनांमुळे काही तलावांत कृष्णेचे पाणी पावसाशी संबंध नसलेल्या वेळीही येते. खटावचा नेर तलाव आणि माणमधील आंधळी धरण ही जिहे-कठापूरची ठळक उदाहरणे आहेत. त्यामुळे शेजारच्या तालुक्याचे वेळापत्रक उसने घेऊन चालत नाही; प्रत्येक तलावाचे स्वतंत्र वर्ष असते आणि ते लिहून काढणे हे संस्थेचे पहिले काम आहे.

हे काम अवघड नाही. मागील पाच-सहा वर्षांत तलाव कोणत्या महिन्यात भरला, सांडवा वाहिला की नाही, रब्बी आणि उन्हाळी आवर्तने कधी सुटली, पाणी मृतसाठ्यापर्यंत कधी उतरले आणि तळ कधी उघडा पडला, एवढ्या गोष्टी जुन्या मच्छीमारांकडून, कालव्याचे पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याकडून आणि पाटबंधारे शाखेच्या नोंदींमधून मिळवाव्यात. त्यानंतर पाण्याचा पसारा पूर्ण भरल्यावर किती हेक्टर आणि फेब्रुवारीअखेरीस किती हेक्टर राहतो, हे मोजावे. मोबाइलवरील क्षेत्रमापनाचे अॅप घेऊन काठाने एक फेरी मारली तरी पुरेसा अंदाज येतो. खोली मोजण्यासाठी एका लांब बांबूवर फुटांच्या खुणा करून तराफ्यावरून दहा-पंधरा ठिकाणी ठाव घ्यावा आणि सर्वांत खोल जागा नकाशावर दाखवावी.

या नोंदींतून तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली पाहिजेत: माशाला वाढायला किती महिने मिळतात, त्या काळातील सरासरी जलक्षेत्र किती आणि उन्हाळ्यात मासा जगेल अशी खोल जागा आहे का. बीज किती, कोणत्या आकाराचे आणि कधी सोडायचे, पकड कधी सुरू करायची आणि ठेक्याची किती रक्कम परवडेल हे सर्व निर्णय या तीन उत्तरांवर अवलंबून आहेत. माझ्या मते या भागातील संस्थांचा जो तोटा होतो, त्याचे मूळ बीजाच्या दर्जापेक्षाही पूर्ण भरलेल्या तलावाच्या क्षेत्रावर केलेल्या हिशेबात अधिक असते. कागदावर २० हेक्टर असलेला तलाव जानेवारीत आठ हेक्टरांवर आला असेल, तर वीस हेक्टरांसाठी विकत घेतलेले बीज त्या आठ हेक्टरांत उपाशी राहते.

ठेका घेण्यापूर्वी गावाशी बोलणी

तलाव कोणाच्या ताब्यात आहे, यावर ठेक्याची प्रक्रिया ठरते. जलसंपदा विभागाचे जलाशय, जिल्हा परिषदेचे किंवा मृद व जलसंधारण विभागाचे तलाव आणि ग्रामपंचायतीचे गावतळे यांची कार्यालये वेगवेगळी आहेत. म्हणून जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात जाऊन त्या विशिष्ट तलावाची मालकी, ठेक्याची मुदत, रक्कम आणि बीज सोडण्याच्या अटी लेखी स्वरूपात घ्याव्यात. संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये नोंदलेली असावी, तिचे लेखापरीक्षण वेळेवर झालेले असावे आणि सभासदांच्या यादीत प्रत्यक्ष जाळे टाकणाऱ्या क्रियाशील मच्छीमारांची नावे असावीत. मासळी निवडणाऱ्या, विकणाऱ्या आणि जाळी दुरुस्त करणाऱ्या स्त्रियांनाही सभासदत्व मिळावे. त्या हिशेबात अधिक काटेकोर असतात, हे कोणत्याही मासळीबाजारात दिसते, आणि सभासद नसल्या तर अपघात विमा किंवा कर्ज यांसाठी अर्ज करताना त्यांची नावे बाहेर राहतात.

येथे एका गोष्टीबद्दल स्पष्ट लिहिले पाहिजे. ठेका संस्थेच्या नावे, भांडवल व्यापाऱ्याचे आणि मच्छीमार मात्र किलोवर मजुरी घेणारा, अशी छुपी पोटठेक्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे. व्यापारी ठेक्याची रक्कम भरतो, बीज आणतो, सभासदांना उचल देतो आणि त्या बदल्यात सगळी मासळी आपल्या दराने उचलतो. पहिल्या वर्षी ही सोय वाटते. तिसऱ्या वर्षी संस्थेच्या हाती ना बीजनिधी असतो, ना बाजारभाव ठरवण्याची ताकद. व्यापाऱ्याला शक्य तितक्या लवकर रिकामा तलाव हवा असतो आणि मच्छीमाराला तो तलाव पुढच्या वर्षीही लागतो, त्यामुळे दोघांचे हित एका जागी येणे कठीण आहे. भांडवल कमी असेल तर लहान तलाव घ्यावा, बीज कमी सोडावे, किसान क्रेडिट कार्डासाठी बँकेकडे अर्ज करावा (ही सोय २०१८-१९ पासून मत्स्यव्यवसायालाही लागू आहे), परंतु तलाव दुसऱ्याच्या हवाली करू नये. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत, जी २०२० मध्ये सुरू झाली, सर्वसाधारण लाभार्थ्यांना प्रकल्प खर्चाच्या ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती व जमातींतील लाभार्थ्यांना ६० टक्के अनुदानाची तरतूद ठेवण्यात आली. महाराष्ट्रात २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णयही झाला आहे. कोणते घटक सध्या खुले आहेत याची चौकशी दरवर्षी एप्रिलमध्येच करावी.

ठेका मिळाल्याने पाण्यावर हक्क मिळत नाही, हे सभासदांना नीट समजावून सांगावे. पिण्याचे पाणी आणि सिंचन यांचा क्रम मासळीच्या आधी आहे. त्यामुळे “आमच्या माशांसाठी पाणी सोडू नका” अशी मागणी टिकत नाही आणि शेतकऱ्यांशी वैर मात्र वाढते. मागावी ती पूर्वसूचना. शेवटचे आवर्तन कधी सुटणार आहे हे दोन-तीन आठवडे आधी कळले, तर पकड त्याप्रमाणे आखता येते. मोठ्या प्रकल्पांवर कालवा सल्लागार समितीच्या बैठकीतील निर्णय विचारून घ्यावेत, आणि जेथे २००५ च्या कायद्याखालील पाणी वापर संस्था आहे तेथे तिच्या अध्यक्षांना मच्छीमार संस्थेच्या वार्षिक सभेला बोलवावे. ग्रामसभेत चार गोष्टींचा ठराव करून घ्यावा: गुरांना पाणी पाजण्याची आणि कपडे धुण्याची जागा कोणती, काठावरील मोटारींच्या फूटव्हॉल्व्हला जाळी कोणी बसवायची, गावातील लोकांना गळाने मासे धरण्याची मुभा कोठे आणि किती, आणि गावाला मासळी कोणत्या दिवशी व कोणत्या दराने मिळेल. गावाला काठावर ताजी मासळी वाजवी दरात मिळू लागली की चोरीची जाळी कमी होतात. रात्रीच्या राखणीला गावाच्या आपलेपणाचे बळ लागते.

बीज: किती, केवढे आणि कधी

कटला, रोहू आणि मृगळ हे मासे वाहत्या, पुराच्या पाण्यात अंडी घालतात. साठलेल्या तळ्यात ते वाढतात, पण सहसा विणत नाहीत. डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. अलिकुन्ही यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले, तेव्हापासून नदीतील बीज गोळा करण्यावरचे अवलंबित्व कमी होत गेले. आज आपण आणतो ते बीज त्याच तंत्राने जून ते ऑगस्ट या काळात बीज केंद्रांवर तयार होते. आपल्या भागाची अडचण येथेच आहे: बीज तयार असते तेव्हा तलाव रिकामा असतो, आणि तलाव भरतो तेव्हा बाजारात उरलेसुरले बीज असते.

यावरचा उपाय म्हणजे संस्थेने स्वतः संगोपन करणे. जुलैमध्ये मत्स्यजिरे (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्ले) किंवा लहान बीज आणून ते मातीच्या संगोपन तळ्यात दाटीने ठेवावे, भाताचा कोंडा आणि भुईमुगाची पेंड समप्रमाणात, पण बेताने द्यावी, आणि तलाव भरेपर्यंत ते बोटुकलीच्या, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लाच्या, आकाराचे करावे. ज्या संस्थांना वर्षभर पाणी असलेली जागा मिळते, त्यांनी मागील वर्षीचे बीज मुद्दाम दाटीत आणि कमी खाद्यावर ठेवून खुंटवलेले बीज तयार करावे. असे वर्षाचे बीज मोकळ्या पाण्यात पडताच झपाट्याने वाढते, आणि सहा-सात महिनेच पाणी टिकणाऱ्या तलावासाठी त्याच्याइतका चांगला पर्याय माझ्या पाहण्यात नाही. तासगाव, कवठेमहांकाळ आणि जतमध्ये द्राक्षबागांसाठी केलेली शेततळी पावसाळ्यात फारशी वापरात नसतात. बागायतदाराशी लेखी करार करून त्यांत हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या बारीक जाळीच्या पेटीत, बीज वाढवता येते. मात्र प्लास्टिक अस्तराच्या तळ्यात नैसर्गिक खाद्य जवळपास नसते, त्यामुळे खाद्याचा खर्च धरूनच हिशेब करावा, आणि फवारणीची औषधे ज्या तळ्याच्या काठावर कालवली जातात ते तळे घेऊ नये.

तलावात सोडण्याचे बीज किमान ८० ते १०० मिलिमीटर लांबीचे असावे. त्याहून लहान बीज स्वस्त मिळते, पण मरळ, शिंगटा, पाणकावळे आणि बगळे त्यातले किती ठेवतील याचा भरवसा नसतो. गावपातळीवरील उथळ, हंगामी तलावात सरासरी जलक्षेत्राच्या हेक्टरी ३,००० ते ५,००० बोटुकली पुरेशी होते. शेकडो हेक्टरांच्या जलाशयात हे प्रमाण हेक्टरी काही शे ते हजारभर इतके उतरते. उदाहरणादाखल, भरल्यावर दहा हेक्टर आणि सरासरी पाच हेक्टर राहणारा तलाव घ्यावा. हेक्टरी ३,००० प्रमाणे १५,००० बोटुकली सोडली, त्यातली ४० टक्के जगली आणि सरासरी ७०० ग्रॅमची झाली, तर ४,२०० किलो मासळी हाती येते. ठेक्याची बोली लावताना हा आकडा दुष्काळी वर्षासाठी निम्मा करून पाहावा आणि तरीही खर्च निघत असेल तरच पुढे जावे.

जातींचे प्रमाण कटला चार, रोहू तीन आणि मृगळ तीन असे ठेवण्याची पद्धत रूढ आहे, कारण कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी खातो. पाणी लवकर उथळ आणि गढूळ होत असेल तर कटला थोडा कमी करावा. काठावर आणि तळाशी वनस्पती खूप वाढत असेल तर गवत्या (ग्रास कार्प) माफक संख्येने टाकावा. सायप्रिनस (कॉमन कार्प) साठलेल्या पाण्यातही पाणवनस्पतींवर अंडी घालतो आणि तळ उकरून पाणी गढूळ करतो, म्हणून त्याचे प्रमाण कमीच राहू द्यावे. चिलापी (तिलापिया) मुद्दाम आणू नये. कृष्णेच्या पाण्याबरोबर ती आली तर बारीक जाळ्याने सतत काढत राहावे. आफ्रिकन मांगूर पाळण्यास बंदी आहे, तो स्थानिक मासे फस्त करतो आणि पुरात निसटला तर परत आणता येत नाही; “झटपट वाढतो” म्हणून कोणी तो देऊ केला तर सरळ नकार द्यावा.

बीज उतरवताना अर्ध्या तासाची घाई संपूर्ण हंगामाला महाग पडते. वाहतूक रात्री किंवा पहाटे करावी. प्राणवायू भरलेल्या पिशव्या न उघडता पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगू द्याव्यात, नंतर तोंड उघडून थोडेथोडे तलावाचे पाणी आत घ्यावे आणि मासे आपणहून बाहेर पोहू द्यावेत. सर्व बीज एका घाटावर ओतण्याऐवजी तीन-चार ठिकाणी सोडावे. मोजणी भांड्याने करावी, म्हणजे एका भांड्यातील बीज मोजून भांड्यांच्या संख्येने गुणावे, आणि त्या वेळी सभासदांसह ग्रामपंचायतीचा एक माणूस हजर ठेवून पंचनामा लिहावा. बीज दोन टप्प्यांत घेतल्यास एका पुराने किंवा एका फसलेल्या खेपेने सगळे वर्ष बुडत नाही.

सांडवा, गाळ आणि डोह

तलाव एकदम भरून सांडवा वाहू लागला की बीज ओढ्यात निघून जाते. हे टाळण्यासाठी सांडव्यावर जाळी बसवण्याचा मोह होतो, परंतु पुरात वाहून आलेली झुडपे, उसाचे पाचट आणि जलपर्णी त्या जाळीला अडकली तर पाणी तुंबून बांधालाच धोका निर्माण होतो. पाटबंधारे अभियंत्याच्या लेखी परवानगीशिवाय सांडव्यावर काहीही बसवू नये. त्याऐवजी सांडवा वाहून थांबेपर्यंत बीज संगोपन तळ्यातच ठेवावे. कालव्याच्या विमोचकाजवळ, म्हणजे पाणी सोडण्याच्या दाराजवळ, मात्र सुटी, साफ करता येणारी जाळी पाटकऱ्याच्या सहमतीने लावता येते.

उन्हाळ्यात “गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार” योजनेतून गाळ काढला जातो, तेव्हा मच्छीमार संस्थेने गप्प राहू नये. ट्रॅक्टर आणि पोकलेन काठाजवळचा, सोयीचा गाळ उचलतात आणि तळ सगळीकडे सारखा खरवडला जातो. त्याऐवजी आधीच सर्वांत खोल असलेल्या जागेतून अधिक गाळ काढून तेथे डोह करावा, अशी मागणी ग्रामसभेत नोंदवावी. बांधाच्या पायथ्यापासून हा डोह पुरेसा दूर असावा आणि खाली मुरूम उघडा पडेल इतका खोदू नये, अन्यथा पाणी मुरून जाते. जागा अभियंत्याकडून ठरवून घ्यावी. एप्रिल-मेमध्ये जेव्हा बाकीचा तलाव तापलेल्या डबक्यासारखा होतो, तेव्हा पुढच्या वर्षी अंडी घालणारे स्थानिक मासे याच डोहात जगतात. संस्थेने या डोहात वर्षभर जाळे न टाकण्याचा नियम करावा आणि चारी बाजूंना बांबू रोवून त्याची हद्द दाखवावी. तलाव पूर्ण आटणारच अशी चिन्हे दिसली तर तेथील मासळी काढावी, पण त्याचा निर्णय संचालक मंडळाने लेखी घ्यावा.

स्थानिक मासे आणि पाहुणे पक्षी

विकत आणलेल्या बीजावरच तलावाचे मोल करू नये. मरळ, वाम, शिंगटा, झिंगे आणि असंख्य बारीक मासळी यांच्यासाठी कोणी बीजाचा खर्च करत नाही, तरीही मरळीला बाजारात कटल्यापेक्षा चांगला भाव मिळतो आणि बारीक मासळी गरीब घरातील मुलांच्या ताटात काट्यांसकट जाते. हे मासे काठावरील लव्हाळी, पाणगवत आणि बुडालेली झुडपे यांच्या आधाराने वितात. म्हणून तण काढताना काठाचा निदान चौथा भाग तसाच राखावा. जून ते ऑगस्ट या काळात ओढ्याच्या मुखाशी, जेथे नवे पाणी तलावात शिरते, तेथे जाळे अजिबात लावू नये, कारण चढणीचे मासे अंडी घालण्यासाठी नेमके तेथूनच वर जातात. पाण्यावर तांबूस पिल्लांचा दाट थवा दिसला तर त्याखाली राखण करणारी मरळ असते. ती मारली की सगळी पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात. या एका गोष्टीवर तरुण सभासदांना आवर्जून शिकवावे.

मायणी, येरळवाडी आणि सूर्याचीवाडी या खटावच्या तलावांवर हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो), पट्टकदंब हे हंस आणि अनेक प्रकारची बदके येतात, आणि मायणी परिसराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला आहे. अशा ठिकाणी वन विभागाच्या अटी ठेक्याच्या कागदाइतक्याच बंधनकारक समजाव्यात. इतर तलावांबाबत मात्र कायद्याचे कवच पातळ आहे, कारण २०१७ च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून सिंचनासाठी आणि पिण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे वगळलेले आहेत. तेथे राखण गावानेच करायची आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत पक्षी उथळ बाजूला चरत असतात आणि मासळी खोल बाजूला असते, त्यामुळे दोघांचे क्षेत्र वाटून घेणे मुळीच कठीण नाही. उथळ बाजूस जाळी लावू नयेत, फाटलेली नायलॉनची जाळी पाण्यात टाकून देऊ नयेत आणि पक्ष्यांना हुसकावण्यासाठी फटाके वाजवू नयेत. पक्षी पाहायला येणाऱ्यांना तराफ्यातून नव्हे, तर काठावरून माहिती देण्याचे काम मच्छीमार कुटुंबातील शिकलेल्या मुलांना मिळाले, तर त्यातून थोडे उत्पन्नही होते.

कृष्णाकाठच्या संस्थांसाठी एक वेगळी सूचना. भिलवडी, औदुंबर, आमणापूर या परिसरात नदीत मगरी आहेत. तेथे एकट्याने किंवा रात्री जाळे काढायला उतरू नये आणि मासे साफ केल्यावर आतडी घाटावर टाकू नयेत.

पकड, विक्री आणि वाटणी

पकड एकदम करण्यापेक्षा पाण्याच्या उतारासोबत टप्प्याटप्प्याने करावी. जानेवारीपासून मोठे मासे विरळ करत गेले तर उरलेल्यांना जागा आणि खाद्य मिळते, आणि मेमध्ये सगळ्या गावांची मासळी एकाच वेळी बाजारात येऊन भाव कोसळतो त्यातूनही सुटका होते. उभ्या जाळ्याचा आस, म्हणजे जाळीचा डोळा, असा असावा की चार बोटे सहज आत जातील. त्याहून बारीक जाळे केवळ चिलापी आणि इतर नको असलेल्या मासळीसाठी, ठरलेल्या जागी आणि संस्थेच्या देखरेखीखाली वापरावे. तराफ्यावर जाताना लाइफ जॅकेट सक्तीचे करावे. मत्स्य संपदा योजनेतील गट अपघात विम्यात मृत्यू झाल्यास कुटुंबाला ५ लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. प्रत्येक सभासदाची नोंदणी झाली आहे ना, हे सचिवाने स्वतः तपासावे.

बाजाराचे दिवसही पाण्याइतकेच महत्त्वाचे आहेत. आपल्याकडे बुधवार, शुक्रवार आणि रविवारी मागणी असते. श्रावणात, नवरात्रात आणि मार्गशीर्षातील गुरुवारी ती पडते. जाळी आदल्या सायंकाळी लावून पहाटे काढावीत आणि मासळी तराफ्यावरच सावलीत व बर्फात ठेवावी. उन्हाळ्यात जितकी मासळी तितकाच बर्फ, हे प्रमाण पाळले तर सांगली, मिरज, कराड किंवा साताऱ्याच्या बाजारापर्यंत माल टवटवीत पोहोचतो. बर्फावर वाचवलेले पैसे भावातून दुप्पट जातात. दररोजच्या मालाचा एक भाग आधी गावासाठी आणि बचत गटाच्या विक्रेत्या स्त्रियांसाठी बाजूला काढावा, उरलेला व्यापाऱ्याला द्यावा, आणि शक्यतो दोन-तीन व्यापाऱ्यांकडून दर मागवावा.

वाटणीचा नियम बीज सोडण्यापूर्वी ठरलेला असला पाहिजे; मासळी पुढ्यात आल्यावर ठरवू लागले की भांडणे होतात. सर्व मासळी काठावर, एकाच काट्यावर, सर्वांसमक्ष तोलावी. पकडणाऱ्याला जातीनुसार किलोमागे ठरलेला वाटा द्यावा आणि संस्थेच्या वाट्यातून सर्वांत आधी पुढील वर्षाचा बीजनिधी आणि ठेक्याचा हप्ता स्वतंत्र खात्यात टाकावा. त्यानंतरच राखणदारांचे मानधन, जाळ्यांची दुरुस्ती आणि लाभांश यांचा विचार करावा. आजारी किंवा वयस्क सभासदाला आणि मच्छीमाराच्या विधवेला एक ठरावीक वाटा मिळावा, असा उपविधी असलेली संस्था अधिक काळ एकत्र राहते असे मला वाटते.

पाणी बिघडले तर

पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत असतील तर पाण्यातील प्राणवायू घटला आहे. लिटरला ५ मिलिग्रॅम हे प्रमाण चांगले, तीनच्या खाली गेल्यास माशांना त्रास होतो. ढगाळ, वारा नसलेल्या दिवसांनंतर आणि उन्हाळ्यात पाणी हिरवेगार झाल्यावर असे घडते. त्या दिवशी गाळ ढवळू नये, मोटारीने पाणी उचलून फवाऱ्यासारखे परत तलावात सोडावे आणि मोठे मासे काढून दाटी कमी करावी. दिवसा पाण्यात हात कोपरापर्यंत बुडवला असता तळवा दिसेनासा झाला तर हिरवाई प्रमाणाबाहेर वाढली आहे, एवढी खूण सर्वांना ठाऊक असावी. पिण्यासाठी वापरात असलेल्या तलावात शेण किंवा रासायनिक खत टाकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

द्राक्षपट्ट्यात धोका निराळा आहे. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर फवारण्या सर्वाधिक असतात आणि नेमके त्याच वेळी नवे बीज तलावात असते. मोरचुदातील तांबे आणि सिंथेटिक पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशके माशांना अतिशय अल्प मात्रेतही घातक ठरतात. फवारणीचे ब्लोअर आणि टाक्या तलावावर धुऊ नयेत, रिकाम्या बाटल्या ओढ्यात टाकू नयेत, यासाठी छाटणीच्या आधीच बागायतदारांना भेटावे. बहुतेक शेतकरी ऐकतात. त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

मासे मोठ्या प्रमाणात मेलेले आढळले तर पहिले तीन-चार तास महत्त्वाचे असतात. स्वच्छ बाटल्या त्याच पाण्याने विसळून मेलेल्या माशांजवळचे, पाणी आत येते त्या मुखाजवळचे आणि बांधाजवळचे असे तीन नमुने घ्यावेत, वेळ व जागा लिहून बर्फात ठेवावेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सांगली किंवा सातारा येथील कार्यालयाला आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयाला त्याच दिवशी लेखी कळवावे, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा, छायाचित्रे काढावीत. मेलेली मासळी विकू नये व खाऊ नये. ती पाण्यापासून दूर चुना टाकून पुरावी. अंदाजे वजन जातीनिहाय नोंदवल्याशिवाय पुरू नये, कारण भरपाईच्या अर्जाला त्याचाच आधार लागतो.

नोंदवही

वर्षभर एकच जाड वही ठेवावी आणि ती सचिवाच्या घरी नव्हे, तर संस्थेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात असावी. तिच्यात दर पंधरवड्याला पाण्याची पातळी, बीजाच्या प्रत्येक खेपेची संख्या, आकार व पावती, दररोजच्या पकडीचे जातीनिहाय वजन, किती जणांनी किती जाळी लावली, विक्रीचा दर आणि वाटणी लिहावी. जाळ्यांची संख्या सारखीच राहूनही वजन घटत चालले असेल तर पकड थांबवण्याची वेळ आली आहे, हे या वहीतूनच कळते. मार्चअखेरीस बेरीज करून ती वार्षिक सभेत वाचून दाखवावी, तिची प्रत ग्रामपंचायतीला द्यावी आणि दुसरी प्रत ठेक्याच्या नूतनीकरणाच्या अर्जाला बीजाच्या पावत्या, पंचनामे व लेखापरीक्षण अहवालासह जोडावी. अर्ज मुदत संपण्याच्या किमान तीन महिने आधी दाखल करून त्याची पोच घ्यावी.